लाकूड फोडायचं मशीन घेताय? आधी तुमचे १४ टन शोधा



मागच्या व्हिडिओचा विषय होता उधारी. त्यात मागे आमच्या वखारीतलं लाकूड फोडायचं हायड्रोलिक मशीन जेमतेम वीस सेकंद दिसलं. उधारीबद्दल दोन-चार जणांनी विचारलं, मशीनबद्दल मात्र फोनवर फोन. "दादा, कितीला मिळतं?" "भाऊ, दिवसाला किती सुटतात?" एका ताईंचं तर कोटेशन तयार होतं, बँकेत बोलणंही झालं होतं. म्हणाल्या, "फक्त तुम्ही हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, आधी लिहितो, ते वाचा, मग ठरवा.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. लाकूड फोडणं हा धंदा नाही. कोरडं लाकूड, ग्राहकाच्या मापात, वेळेवर पोचवणं हा धंदा आहे. मशीन हे त्यातलं एक काम सोपं करतं, तेही मधलं. ज्याच्याकडे ग्राहक आहे आणि सुकवायला जागा आहे, त्याने मशीन जरूर घ्यावं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी मशीन म्हणजे अंगणात उभा केलेला हप्ता.

रील्समध्ये काय दिसतं, काय दिसत नाही

दिसतं असं: ओंडका ठेवला, दांडा ओढला, फाटकन दोन तुकडे. बघायला मजा येते, मीही बघतो. पण त्यात लाकूड बहुतेक वेळा सरळ रेषेचं, बिनगाठीचं असतं. आपल्याकडे वखारीत काय येतं? बाभूळ, सुबाभूळ, कडुनिंब, आंबा, निलगिरी, अधूनमधून चिंच. बाभळीच्या फांदीचा जोड किंवा चिंचेचं बुड मशीनवर ठेवून बघा. पाचर आत शिरते, लाकूड कण्हतं आणि तिथेच अडकतं. मग घण मारून ओंडका सोडवत बसा.

आता मशीन समजून घ्या, म्हणजे विकणारा तुम्हाला गुंडाळणार नाही. मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबाने सिलिंडरमध्ये ढकलतो, पिस्टन ओंडक्याला पाचरीवर रेटतो. बस, एवढंच. "१६ टनाचं मशीन" म्हणजे तासाला १६ टन लाकूड फोडणारं नव्हे. ते टन जोराचे आहेत. साधारण चार इंची सिलिंडर आणि २०० बार दाब असेल तर जोर सुमारे १६ टन येतो. आपल्या कडक लाकडाला याच्या खाली जाऊ नये, असं माझं मत आहे.

पण जोर आहे म्हणजे वेग आहे असं नाही. इथे बरेच जण फसतात. ६० सेंटीमीटरचा स्ट्रोक असेल तर चार इंची सिलिंडर भरायला पावणेपाच लिटरच्या आसपास तेल लागतं. ५ एचपीची मोटर पूर्ण दाबावर मिनिटाला साडेनऊ लिटरच्या आसपासच तेल देते. म्हणजे पूर्ण जोराने एक फेरी जायलाच अर्धा मिनिट. म्हणून दोन टप्प्यांचा पंप बघा. तो रिकाम्या अंतरात पिस्टन भरभर नेतो आणि लाकूड लागलं की हळू होऊन जोर वाढवतो. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: पंप एका टप्प्याचा की दोन? आणि फेरी किती सेकंदांची, लाकडासकट? उत्तर गोल-गोल आलं तर चहा पिऊन निघा.

आणखी एक. फिरत्या शंकूचं मशीनही स्वस्तात मिळतं. टोकदार स्क्रू गरागरा फिरतो आणि लाकूड त्यावर दाबायचं. ते घेऊ नका. पदर, ओढणी, सैल बाही, हातमोजा त्यात एकदा गुंतला की थांबवायला वेळच मिळत नाही. पैसे वाचवायच्या जागा धंद्यात खूप आहेत, ही नव्हे.

आता आकडे

खालचे आकडे धरलेले आहेत. तुमच्या गावातले दर वेगळे असतील, ते घालून गणित पुन्हा करा. पद्धत महत्त्वाची.

समजा मशीन २ लाखांचं. पूर्ण कर्ज, १२ टक्के व्याज, ३ वर्षं. हप्ता येतो महिन्याला ६,६४३ रुपये.

कुऱ्हाडीने फोडायला क्विंटलमागे १२० रुपये मजुरी धरा. २० क्विंटल, म्हणजे २ टन फोडायला २,४०० रुपये.

तेच २ टन मशीनवर एका दिवसात निघतात. दोन माणसं, ६०० रुपये प्रत्येकी, झाले १,२००. मोटर पाच तास चालली, तासाला ३ युनिट, युनिटला १० रुपये, झाले १५०. तेल, सील, होस पाइप यासाठी रोज १०० बाजूला टाका. एकूण १,४५०.

बचत ९५० रुपये. ६,६४३ ला ९५० ने भागा. ७ दिवस. म्हणजे महिन्यातले पहिले ७ दिवस तुम्ही फक्त बँकेसाठी लाकूड फोडता. ७ दिवसांत किती लाकूड? १४ टन.

आता खरा प्रश्न. महिन्याला १४ टन फोडलेलं लाकूड घेणारे ग्राहक तुमच्या वहीत आहेत का? चुलीवरची मिसळ देणारं मध्यम हॉटेल दिवसाला ४० ते ५० किलो जाळतं असं धरा. महिन्याला सव्वा ते दीड टन. म्हणजे हप्ता निघायलाच अशी १० ते १२ हॉटेलं पक्की हवीत. तेराव्या हॉटेलापासून पुढची बचत तुमची.

मला कुणी म्हणेल, "दादा, बचतीचं सोडा, कुऱ्हाड चालवायला माणूसच मिळत नाही." हे खरं आहे. मशीन घेण्याचं सगळ्यात प्रामाणिक कारण हेच आहे. नवीन पोरं कुऱ्हाड धरत नाहीत आणि जुन्यांचे गुडघे बोलायला लागलेत. पण मग हिशेबही तसाच मांडा: माणूस नसल्यामुळे महिन्याला किती टनांची ऑर्डर परत जाते? ती वहीत लिहिलेली आहे की नुसती मनात आहे?

पैसा फोडण्यात नाही, सुकवण्यात आहे

आपल्याकडे वखारवाला लाकूड वजनावर विकतो. त्यामुळे ओलं लाकूड विकणं त्याच्या फायद्याचं असतं, कारण पाण्यालाही भाव मिळतो. हॉटेलवाला धूर खातो, आचारी डोळे चोळतो, आणि वर म्हणतो, "हल्ली लाकडात दम नाही राहिला." दम आहे हो, पाण्यात बुडालेला आहे.

साधं गणित बघा. १०० किलो लाकडात ४५ किलो पाणी असेल, तर ते सुकून २० टक्क्यांवर येईपर्यंत वजन राहतं ६९ किलोच्या आसपास. म्हणजे ५ रुपये किलोने घेतलेलं लाकूड सुकल्यावर तुम्हाला सव्वासात रुपयांना पडलं. नवा माणूस इथेच घाबरतो आणि ओलंच विकून मोकळा होतो.

पण ग्राहकाच्या बाजूने बघा. अगदी कोरड्या लाकडाच्या किलोत सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता धरली आणि पाण्याची वाफ करण्यात जाणारी वजा केली, तर ४५ टक्के ओल्या लाकडातून किलोला २,१५० च्या आसपास मिळतात आणि २० टक्क्यांच्या लाकडातून ३,४०० च्या आसपास. दीडपटीहून जास्त. म्हणजे ६ रुपयांचं ओलं लाकूड आणि साडेनऊ रुपयांचं कोरडं लाकूड चुलीत सारखंच. तुम्ही कोरडं साडेआठला दिलं तरी हॉटेलवाल्याचा फायदा, आणि धूर कमी तो वेगळा.

हे त्याला पटवायचं कसं? ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं. खिशात ठेवा. त्याच्या समोर त्याचा ओंडका आणि तुमची फाडी मोजून दाखवा. मीटरच्या दोन सुया जेवढं पटवतील तेवढं माझ्या दहा व्हिडिओंनी होणार नाही. फक्त फाडी मोजताना ती तिथेच फोडून आतल्या बाजूला सुया टोचा. बाहेरून सगळंच कोरडं दिसतं.

मशीनचा खरा उपयोग इथे आहे. साल असलेल्या अख्ख्या ओंडक्यातून पाणी बाहेर पडायला फारसा मार्ग नसतो. फोडल्यावर आतलं अंग उघडं पडतं आणि लाकूड कितीतरी लवकर सुकतं. शिवाय बाभूळ ओली असताना जेवढी नीट फाटते तेवढी वाळल्यावर फाटत नाही. वाळलेल्या बाभळीवरून कुऱ्हाड उडते. म्हणून क्रम असा ठेवा: माल आला की लगेच फोडायचा, जमिनीपासून वीतभर उंच रचायचा, वरून पत्रा आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या. ताडपत्री गुंडाळून ठेवलीत तर आत घाम धरतो आणि बुरशी येते.

नाशिकमध्ये याला एक तारीख आहे. जूनमध्ये पाऊस लागला की इगतपुरी-त्र्यंबक बाजूला तर विषयच संपला, शहरातही लाकूड सुकत नाही. पावसाळ्यात विकायचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटलेला आणि मेअखेर शेडमध्ये गेलेला पाहिजे. म्हणजे चार-पाच महिन्यांचे पैसे लाकडात अडकणार. मशीनच्या कर्जाचं सगळे विचारतात, या भांडवलाचं कुणीच विचारत नाही. धंदा बुडतो तो इथे.

माझी चूक

आता जे लिहितोय ते व्हिडिओत बोलायला जमलं नाही.

वखार वडिलांची. मी बीबीए करून आलो तेव्हा डोक्यात नुसती 'एफिशियन्सी' होती. वखारीत एक काका होते, वडिलांच्या वेळेपासूनचे. बावीस वर्षं कुऱ्हाड चालवली, नखाला धक्का नाही. मी मशीन आणलं आणि त्यांना म्हटलं, "काका, आता आराम. नुसता दांडा ओढायचा."

त्या मशीनला दोन दांडे आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबले तरच पिस्टन पुढे जातो. दोन्ही हात दांड्यावर, म्हणजे पाचरीजवळ हात नाही, अशी ती सोय आहे. पण त्यामुळे काम हळू होतं. दिवसाला २ टन निघायचे. मी एक दांडा दोरीने बांधून टाकला. मग एकजण ओंडका धरायचा, दुसरा एका हाताने दांडा ओढायचा. अडीच टन निघायला लागले. मी वडिलांना वही दाखवली. ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात काका ओंडका सरळ करत होते आणि दांड्यावरच्या मुलाला वाटलं, झालं. काकांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं.

पिस्टन हळूच येत होता. कुऱ्हाडीसारखा झटक्यात नाही. पण तो थांबत नाही आणि समोर लाकूड आहे की बोट, हे त्याला कळत नाही. कुऱ्हाड ज्याच्या हातात असते त्याला निदान ती दिसत असते. इथे हात एकाचा होता आणि दांडा दुसऱ्याचा.

दवाखान्याचा खर्च मी केला, बसलेल्या दिवसांची मजुरी दिली. ते काही उपकार नव्हते. कामावर माणूस जखमी झाला तर जबाबदारी मालकाचीच. काकांनी मला एक शब्द बोलला नाही. त्यांच्या मुलीने विचारलं, "दादा, ती दोरी कुणी बांधली?" मी म्हटलं, मी. तेवढंच.

दोरी त्याच संध्याकाळी कापली. वरच्या गणितात मी दिवसाला २ टन धरलेत, अडीच नाही. तो अर्धा टन मी मुद्दाम सोडलाय. अडीच धरले असते तर तुमचा हप्ता ७ ऐवजी साडेचार दिवसांत निघाला असता आणि मशीन एकदम परवडणारं दिसलं असतं. कुणी तुम्हाला फारच गोड आकडे दाखवले तर त्यात कुठेतरी एखादी दोरी बांधलेली नाही ना, हे बघा.

म्हणून आमच्याकडे आता चार नियम आहेत, भिंतीवर रंगाने लिहिलेले:

१. जो ओंडका ठेवेल तोच दांडा ओढेल. मशीनपाशी दुसरा माणूस नाही. तो माल आणेल, रचेल.

२. दोन हातांची सोय कुणी काढणार नाही. मालकसुद्धा.

३. तेल गळत असेल तर हात लावून बघायचं नाही. बारीक छिद्रातून दाबाचं तेल कातडीच्या आत घुसतं. दिसायला टोचल्यासारखं, पण आत हात खराब करतं. पुठ्ठा धरून बघायचं, तेही लांबून. तसं काही झालंच तर उद्यावर न ढकलता लगेच दवाखाना.

४. अडकलेला ओंडका मोटर बंद करूनच सोडवायचा.

आणि पाचवा, न लिहिलेला: मशीन घेणाऱ्या मालकाने पहिले पंधरा दिवस ते स्वतः चालवावं. मी चालवलं असतं तर दोरी बांधायची हिंमत झाली नसती.

कुंभमेळा, सबसिडी आणि कागद

"दादा, २०२७ ला कुंभमेळा आहे. आखाडे येणार, धुनी पेटणार, अन्नछत्रं चालणार. लाकूडच लाकूड!" हे मी रोज ऐकतो. मागणी येईल, नक्की येईल. पण सिंहस्थ १२ वर्षांनी येतो, मागचा २०१५ ला होता. मुख्य पर्वण्यांची गर्दी काही आठवड्यांची, तुमचे हप्ते ३६. कुंभासाठी मशीन भाड्याने घ्या, माल आधीपासून सुकवून ठेवा, कमवा. त्या मागणीवर कर्ज काढू नका.

सबसिडीचंही तसंच. पीएमईजीपीसारख्या योजनेत सबसिडी लगेच हातात येत नाही. ती ३ वर्षं बँकेत तुमच्या नावाने अडकून असते आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळती होते. आत्ताचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, एजंटाला नको. आणि लक्षात ठेवा, सबसिडी मशीन स्वस्त करते, ग्राहक आणून देत नाही.

जळाऊ लाकडावर जीएसटी नाही, हे ऐकून लोक खूश होतात. पण विक्रीवर कर नाही म्हणजे मशीन घेताना भरलेला जीएसटीही परत मिळत नाही. मशीनची किंमत नेहमी करासकट धरा.

लाकूड कुठून येतं, याचा कागद ठेवा. झाड तोडायला आणि लाकूड वाहून न्यायला कोणत्या झाडाला कोणती परवानगी लागते, ते वन विभागात विचारा. शहरातलं झाड असेल तर महापालिकेत. आरा गिरणीला तर वन विभागाचा परवाना लागतोच, त्यामुळे मोठी करवत बसवायचा विचार असेल तर आधी तिथे जा. विनाकागदाची एक गाडी पकडली गेली की वर्षाची कमाई जाते. आणि शेतीच्या वीज कनेक्शनवर धंद्याचं मशीन चालवू नका, ते नियमात बसत नाही. ५ एचपीला साधारणपणे थ्री फेज लागते, ते कनेक्शन धंद्याच्या नावावर घ्या.

मग करायचं काय?

मशीनच्या आधी ३० दिवस एक वही करा. तीन रकाने: कोणत्या ग्राहकाला, किती किलो, कोणत्या मापाचं लाकूड हवं. तुमच्या भागातली मिसळीची, चुलीवरच्या जेवणाची हॉटेलं, ढाबे, आचारी, भट्टीवाले, सगळीकडे स्वतः जा. आत्ता किती भावाने घेतात आणि कशाने वैतागले आहेत, ते विचारा. बहुतेक जण भावाने नाही, धुराने आणि वेळेवर न येणाऱ्या गाडीने वैतागलेले असतात.

वहीत ५ टन भरले तर कुऱ्हाडीवर काम करून घ्या. ५ ते १४ च्या मधे असाल तर मशीन भाड्याने आणा, नाहीतर तीन वखारींनी मिळून एक घ्या. चाकावरचं मशीन आठवड्याला दोन-दोन दिवस प्रत्येकाकडे फिरू शकतं. ट्रॅक्टर आधीच असेल तर पीटीओवर चालणारं बघा, मोटरचा आणि कनेक्शनचा खर्च वाचतो. आणि १४ च्या वर गेलात तर बेधडक घ्या. तेव्हा मला विचारायची गरजच पडणार नाही.

काका अजून आमच्याकडे आहेत. मशीन तेच चालवतात, एकटे, दोन्ही हातांनी. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला उजवा हात दाखवतात आणि मग कामाला लावतात. माझं दोन तासांचं ट्रेनिंग त्यापुढे काहीच नाही.

त्या ताईंचा परवा फोन आला होता. वहीत साडेसहा टन झालेत म्हणाल्या. कोटेशन बाजूला ठेवलंय, भाड्याचं मशीन शोधतायत. मला तरी हे 'हो'पेक्षा मोठं वाटतं.

तुमची वही आजच सुरू करा. भेटू पुढच्या व्हिडिओत.